विनोदाच्या आश्रयाला आलेली कुमारी माता : 'सलाम नमस्ते' या चित्रपटाचा विचार

हिंदी चित्रपटात अविवाहित स्त्रीचे गर्भारपण हा दीर्घकाळ शोकात्म विषय मानला गेला. यश चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'धूल का फूल' (१९५९) याच विषयावर होता. त्यातील मीना आपले मूल टाकून देते, अब्दुल रशीद नावाचा एक मुसलमान गृहस्थ ते वाढवतो आणि अखेरीस सारे प्रकरण न्यायालयात उभे राहते. त्या न्यायासनावर मुलाचा जन्मदाताच बसलेला असतो. 'आराधना'मध्ये (१९६९) देवळातील गुप्त विवाहाचा आधार घेऊन नायिकेचे पावित्र्य शाबूत ठेवले जाते, मात्र तिचा त्रास चुकत नाही. चोप्रांच्याच 'त्रिशूल'मध्ये (१९७८) टाकलेल्या आईचा मुलगा मोठा होऊन बापावर सूड घेतो. या सर्व चित्रपटांत गर्भ हा एक आरोप आहे. तो कोणी तरी ठेवतो, कोणी तरी सोसतो आणि कधी तरी त्याचा निवाडा होतो.

'धूल का फूल'नंतर ४६ वर्षांनी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, यश चोप्रांच्याच 'यशराज फिल्म्स' या संस्थेने 'सलाम नमस्ते' प्रदर्शित केला. सिद्धार्थ आनंद यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. विषय तोच, अविवाहित स्त्रीला राहिलेला गर्भ. परंतु या वेळी तो प्रणयप्रधान विनोदी चित्रपटाच्या रूपात आला. प्रेक्षकांनी त्याचे स्वागत केले. विवाहाशिवाय एकत्र राहणारे जोडपे मुख्य प्रवाहातील हिंदी चित्रपटाने इतक्या सहजपणे दाखवावे, याचे त्या वेळी अनेकांना अप्रूप वाटले आणि ते रास्तही होते. विनोदाने या विषयावरील आरोपाची छाया दूर केली, हे मान्यच करावे लागते. आरोप दूर झाल्यावर त्या स्त्रीच्या निर्णयाचे काय झाले, हा प्रश्न मात्र या चित्रपटाच्या चर्चेत मागे पडला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

कथानक आणि विनोदाचे स्थान

निखिल अरोरा ऊर्फ निक (सैफ अली खान) हा शिक्षणाने वास्तुविशारद आणि आवडीने आचारी. अंबर मल्होत्रा (प्रीती झिंटा) वैद्यकीय शिक्षण घेणारी विद्यार्थिनी. आईवडिलांनी संबंध तोडले असल्याने शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ती मेलबर्नमधील एका भारतीय रेडिओ केंद्रावर निवेदिका म्हणून काम करते. निक तिच्या कार्यक्रमाला ठरल्या वेळी येत नाही, त्यावरून भांडण होते, भांडणातून ओळख आणि ओळखीतून प्रेम. एकमेकांना पारखून पाहावे म्हणून दोघे एका घरात राहू लागतात. अंबरला दिवस जातात. निकला मूल नको असते. गर्भपाताचे ठरते, पण अंबरच्या हातून ते होत नाही. दोघे विभक्त होतात. घराचा भाडेकरार मात्र दोघांच्या नावे असल्याने एकाच छपराखाली अबोला धरून राहतात. चित्रपटाचा उत्तरार्ध या अबोल्यावर उभा आहे. शेवटी जुळी मुले, समेट आणि विवाहाचे वचन.

यातील विनोद कोठून येतो, हे पाहिले की चित्रपटाचा कल ध्यानात येतो. गर्भवती अंबरचे डोहाळे, मध्यरात्री विशिष्ट आइस्क्रीमसाठी तिने धरलेला हट्ट, प्रसूतिगृहातील गोंधळ या साऱ्या प्रसंगांत हसे होते ते निकचे. वेळेवर न उठणारा, जबाबदारी म्हटली की पळवाट शोधणारा हा तरुण गर्भाच्या नऊ महिन्यांत हळूहळू मोठा होतो. चित्रपटाचा खरा विषय त्याचे प्रौढ होणे हा आहे. अंबरचे गर्भारपण ही त्याची शाळा.

हे वळण हिंदी चित्रपटाला हॉलिवूडकडून मिळाले. क्रिस कोलंबस यांच्या 'नाइन मंथ्स' (१९९५) या चित्रपटाशी 'सलाम नमस्ते'चे साम्य उघड आहे आणि तो चित्रपटही आदल्या वर्षीच्या एका फ्रेंच चित्रपटावरून बेतलेला होता. ह्यू ग्रँटने रंगवलेला नायक मुलाच्या कल्पनेनेच भेदरतो, प्रेयसी त्याला सोडून जाते आणि रॉबिन विल्यम्सच्या विक्षिप्त डॉक्टरच्या हातून होणाऱ्या प्रसूतीपर्यंत त्याला शहाणपण येते. 'सलाम नमस्ते'मध्ये त्या डॉक्टरच्या जागी अभिषेक बच्चन आहे. 'त्रिशूल'मध्ये अविवाहित आईच्या अपमानाचा सूड घेणारा मुलगा अमिताभ बच्चनने उभा केला होता. २७ वर्षांनी त्याच अभिनेत्याचा मुलगा तशाच एका मातेच्या प्रसूतीच्या वेळी थट्टामस्करी करतो. हिंदी चित्रपटाने या विषयात किती अंतर कापले, हे सांगायला एवढा एक योगायोग पुरेसा आहे.

न्यायासन नसलेले शहर

संपूर्ण चित्रपट ऑस्ट्रेलियात घडतो आणि चित्रीकरणही तेथेच झाले. परदेश हे हिंदी चित्रपटात बहुधा गाण्यापुरते येते; येथे मात्र ते कथानकाची गरज आहे. अंबर बंगळूरमध्ये गर्भवती झाली असती तर पहिल्या दहा मिनिटांत आईवडील, शेजारी, घरमालक आणि महाविद्यालयाचे प्राचार्य पडद्यावर आले असते व चित्रपट विनोदी राहिला नसता. मेलबर्नमध्ये यांपैकी कोणीच नाही. घरमालक आहे, पण जावेद जाफरीचा जग्गू हे निव्वळ विडंबन आहे; त्याच्या मताला वजन नाही. मित्र रॉन (अर्शद वारसी) आणि त्याची ऑस्ट्रेलियन पत्नी यांना या प्रकरणात लज्जास्पद असे काही दिसत नाही. आरोप ठेवणारा समाजच दिग्दर्शकाने पटकथेबाहेर ठेवला आहे.

या सोयीची किंमत लक्षात घ्यायला त्याच कलावंतांचा पाच वर्षे आधीचा चित्रपट उपयोगी पडतो. कुंदन शहा यांच्या 'क्या कहना'मध्ये (२०००) प्रीती झिंटा हीच अविवाहित गर्भवती होती आणि जबाबदारी झटकणारा तरुण सैफ अली खानच होता. हनी इराणी यांच्या त्या कथेत आईवडील मुलीला घराबाहेर काढतात आणि मग पश्चात्तापाने परत आणतात. महाविद्यालयातील मुले नाटकातून तिची विटंबना करतात आणि ती त्याच रंगमंचावर उभी राहून उत्तर देते. चित्रपट भाबडा आहे, अश्रूंचा सढळ वापर करणारा आहे. तरीही प्रिया कोणाशी झगडते आहे, हे त्यात क्षणोक्षणी दिसते. अंबरला असा प्रतिपक्षच नाही.

मेलबर्न म्हणजे मुक्त, भारत म्हणजे बंदिस्त असे समीकरण चित्रपट गृहीत धरतो. कायद्याच्या दृष्टीने ते खरे नव्हते. २००५ साली व्हिक्टोरिया राज्यात बेकायदा गर्भपात हा १९५८ च्या फौजदारी कायद्याखालील गुन्हा होता. १९६९ साली न्यायमूर्ती मेनहेनिट यांनी दिलेल्या निर्णयामुळे स्त्रीच्या जीविताला अथवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका असल्याचे डॉक्टरचे प्रामाणिक मत असेल तर तो वैध ठरत असे आणि व्यवहारात स्त्रियांना ही सेवा मिळत असे. परंतु फौजदारी कायद्यातून गर्भपात वगळला गेला तो २००८ मध्ये. भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ सालीच झाला होता. त्याच्या स्पष्टीकरणात संततिनियमनाचे साधन अयशस्वी होऊन राहिलेला गर्भ हा मानसिक आरोग्याला गंभीर हानी मानला गेला, पण ही सवलत 'विवाहित स्त्री' या शब्दांनी सीमित केली होती. अविवाहितेला कायद्याचे दार बंद नव्हते. तिला आपल्या मानसिक हानीविषयी डॉक्टरची वेगळी खात्री पटवावी लागे, इतकेच. 'विवाहित स्त्री' आणि 'पती' यांच्या जागी 'कोणतीही स्त्री' आणि 'तिचा जोडीदार' हे शब्द आले ते २०२१ च्या दुरुस्तीने. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या गर्भासंबंधीच्या नियमातूनही अविवाहितांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे अंबर मेलबर्नमध्ये असो की बंगळूरमध्ये, तिचा निर्णय दोन्हीकडे डॉक्टरच्या मताच्या चौकटीतून जाणारा होता. अंबर स्वतः वैद्यकाची विद्यार्थिनी असूनही चित्रपटात या चौकटीचा मागमूस नाही.

भारतातील वातावरणही त्याच महिन्यात कसे होते, हे आठवून पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २००५ मध्येच अभिनेत्री खुशबू यांनी विवाहपूर्व संबंधांविषयी एका नियतकालिकात मत व्यक्त केले आणि तामिळनाडूत त्यांच्यावर खटल्यांची रांग लागली. सर्वोच्च न्यायालयाने ते २३ खटले रद्द केले ते एप्रिल २०१० मध्ये. पडद्यावरील अंबर आणि निक यांना टाळ्या मिळत होत्या, तेव्हा तेच मत शब्दांत मांडणाऱ्या स्त्रीला न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागत होते. परदेशातील कथेला जी सूट मिळाली, ती देशातील विधानाला मिळाली नाही.

जन्म देणे हे बंड कोणाविरुद्ध?

अंबर गर्भपात का करत नाही? चित्रपट याचे कारण देत नाही. तो फक्त भावना दाखवतो. पाश्चात्त्य समीक्षेच्या पद्धतीने पाहिले तर यात गर्भपातविरोधी भूमिका शोधता येईल. 'नॉक्ड अप' (२००७) या जड अ‍ॅपटाव यांच्या चित्रपटावर असा आक्षेप घेतला गेला. त्यात नायकाचे मित्र गर्भपात हा शब्दही सरळ उच्चारत नाहीत, त्याच्याशी यमक जुळणारा एक गमतीदार शब्द वापरतात. आणि नायिकेची आई तो पर्याय ज्या थंडपणे सुचवते, त्यानेच प्रेक्षकाचे मन त्याविरुद्ध जाते. परंतु हा आक्षेप जसाच्या तसा उचलून 'सलाम नमस्ते'वर ठेवणे योग्य होणार नाही. आपल्याकडील परंपरा निराळी आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर एकोणिसाव्या शतकात विधवेला राहिलेल्या गर्भावर समाजाचा उपाय ठरलेला होता : गुपचूप गर्भपात, नाही तर जन्मलेल्या जिवाचा घात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते यासाठी. तेथे स्त्रीने निर्धास्तपणे बाळंत व्हावे आणि मूल जगावे, ही त्यांची भूमिका होती. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. येथे मूल जन्माला येऊ देणे ही समाजाच्या आज्ञेविरुद्धची कृती आहे.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात हाच धागा पुढे येतो. लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका गर्भवती आहे. लुटुपुटीच्या खटल्यात तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि खटल्याअखेर काशीकर जो निवाडा देतात, तो मात्र तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा. आरोप ज्या कृत्याचा, शिक्षाही त्याच कृत्याची. तेंडुलकरांच्या उपरोधाची सारी धार या विसंगतीत आहे. समाजाला गर्भाची पर्वा नाही. त्याला पुरावा नाहीसा करायचा आहे. अशा वेळी मूल हवे असणे हेच बेणारेचे बंड ठरते. 'क्या कहना'तील प्रियाचा हट्टही याच कुळातला.

या परंपरेत वाढलेला प्रेक्षक अंबरच्या निर्णयाकडे पाहतो तेव्हा त्याला तो धीट वाटतो. पटकथाही तो धीटपणाच्या स्वरात मांडते. पण बेणारेसमोर काशीकर होते, काशीबाईसमोर पुण्यातील सारा सनातनी समाज होता. अंबरसमोर कोण आहे? तिला कोणी लज्जेपोटी गर्भपात करायला सांगत नाही. न्यायासन आधीच हलवलेले आहे. उरतो एकटा निक, आणि त्याचा विरोध भित्रेपणाचा आहे, अधिकाराचा नव्हे. त्यामुळे तिच्या कृतीला बंडाचा आकार आहे, आशय मात्र उरलेला नाही. समाज बाजूला झाला की मूल ठेवणे आणि न ठेवणे हे दोन सारख्या योग्यतेचे पर्याय होतात व त्यांतून एकाची निवड करायला कारणे लागतात. अंबरचे शिक्षण अपुरे आहे, मिळकत जेमतेम आहे, माहेर तुटलेले आहे, मुलाचा बाप नाही म्हणतो आहे. इतक्या गोष्टी विरुद्ध असताना तिला मूल का हवे आहे, हे तिच्या तोंडून ऐकण्याची उत्सुकता प्रेक्षकाला असायला हवी होती. 'तिला ते जमले नाही' एवढ्यावर चित्रपट पुढे सरकतो. जुन्या चित्रपटांत समाज तिच्या वतीने ठरवत असे. येथे मातृत्वाची मानली गेलेली सहजप्रवृत्ती ठरवते. स्वतः अंबर दोन्ही ठिकाणी गैरहजर.

थॅलसेमियाच्या उपकथानकात हे अधिक स्पष्ट होते. अंबरला थॅलसेमिया मायनर असल्याचे कळते आणि म्हणून मुलांच्या बापाची रक्ततपासणी आवश्यक ठरते. वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबरच आहे : एकच पालक वाहक असेल तर अपत्याला गंभीर स्वरूपाचा आजार होत नाही, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात ती शक्यता २५ टक्के असते. यात एका गंभीर प्रसंगाचे बीज होते. निकही वाहक निघाला तर अंबर काय करणार होती? पटकथेला या प्रश्नात रस नाही. बापाच्या रक्ताशिवाय भागत नाही, एवढे दाखवून निकला कथेत परत आणणे हाच या आजाराचा उपयोग. एकट्या मातेचे स्वावलंबन चित्रपटाला जितके दिसायला आवडते, तितके पेलवत नाही.

हसण्याची मर्यादा

यावरून विनोद हा प्रकारच या विषयाला अपुरा आहे, असा समज होऊ शकतो. तो चुकीचा ठरेल. जिलियन रोबेस्पियर यांच्या 'ऑब्व्हियस चाइल्ड' (२०१४) या अमेरिकन चित्रपटाची नायिका डॉना ही रंगमंचावर एकटीने विनोदी कथन करणारी कलावंत आहे. तिला एका रात्रीच्या संबंधातून दिवस जातात, ती गर्भपात ठरवते आणि करते. आणि चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत प्रणयप्रधान विनोदी चित्रपटच राहतो. तो निर्णय सर्वांनी घ्यावा असे त्यात म्हटलेले नाही. निर्णय डॉनाचा आहे आणि तो ती माणसांसमोर बोलून दाखवते, इतकेच महत्त्वाचे.

हिंदीतही 'बधाई हो'ने (२०१८) विनोद आणि समाज यांना एकत्र नांदवून दाखवले. तेथे गर्भवती स्त्री पन्नाशीकडे झुकलेली, विवाहित, दोन मोठ्या मुलांची आई आहे. लाज आहे ती वयाची. दिग्दर्शक अमित शर्मा यांनी आजी, शेजारी, नातेवाईक, लग्नघर या साऱ्यांना पडद्यावर आणले. मुलांची तोंडे लपवण्याची धडपड विनोदी आहे आणि नीना गुप्ता यांच्या प्रियंवदाने गप्प राहून सोसलेला अपमानही खरा आहे. नातेवाइकांत बसलेल्या सुनेची बाजू घेऊन सासूच फटकारते तेव्हा प्रेक्षागृहात हशाही येतो आणि डोळेही भरतात. न्यायासनावरची बाईच साक्षीदार होऊन खाली उतरते. गर्भपाताचा पर्याय तेथेही निघाल्याबरोबर बाजूला पडतो, हे खरे. पण निदान प्रियंवदा कोणत्या जगात राहून नाही म्हणते, हे आपल्याला दिसते. 'सलाम नमस्ते'ला समाज दाखवून हसण्याचे धाडस नव्हते; त्याने समाज वगळून हसवले.

या चित्रपटाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अंबरला कोणी पतित म्हणत नाही, ती स्वतःलाही तसे मानत नाही. विवाहाचे वचन येते ते प्रसूतीच्या वेळी, लज्जानिवारणासाठी नव्हे. २००५ च्या हिंदी चित्रपटात ही लहान गोष्ट नव्हती. प्रीती झिंटाने अंबरचा राग ज्या ताठपणे उभा केला आहे, त्यामुळे पटकथेत नसलेले बरेच काही त्या पात्रात आहे असे वाटत राहते. अब्बास टायरवाला यांचे संवाद चटपटीत आहेत. भांडणात ते विशेष खुलतात आणि नेमक्या त्या एका वळणावर आखडतात.

बोलणे हा अंबरचा व्यवसाय आहे, म्हणून हे अधिकच जाणवते. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत नाटकात कोणालाच ऐकू जात नाही. ती बोलते तेव्हा न्यायालय थिजलेले असते आणि ऐकतो तो केवळ प्रेक्षक. प्रियाला बोलण्यासाठी तिची विटंबना करणारा रंगमंच हिसकावून घ्यावा लागला. अंबरसमोर ध्वनिक्षेपक रोजच आहे, शहरभरचे श्रोते आहेत आणि तिला गप्प बसवणारे कोणी नाही. निक वेळेवर आला नाही, याविषयी ती त्यावरून हवे तितके बोलते.